मॉडेल १२ : जुन्या पंप बंदुकीचा एक हंगाम

३ ऑगस्ट

बंदूक घरी आली. विंचेस्टर मॉडेल १२, पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची पंप शॉटगन, बारा बोअर, ३० इंची नळी, फुल चोक (छर्रे लांबवर एकत्र राहावेत म्हणून तोंडाशी पुरती आवळलेली), वर रिब (नेमाची पट्टी) नाही, टोकाला एकच माशी (नेमाचा मणी). सिरियल नंबरवरून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ठरते. आधीच्या मालकाने ती हयातभर सस्केहाना नदीच्या मुखाशी, हॅवर द ग्रेसच्या बाजूला बदकांवर चालवली. आता त्याच्या मुलीने विकली. मेरीलँडमध्ये २०२१ पासून दोन खासगी माणसांतला शॉटगनचा व्यवहारही परवानाधारक दुकानदारामार्फतच करावा लागतो. म्हणजे आधी कागद, मग तपासणी, मग बंदूक.

भिंतीवर टांगायला घेतलेली नाही. उरलेला उन्हाळा ट्रॅप आणि स्कीटवर (उडत्या तबकड्या फोडायचे दोन खेळ), थंडीत चेसापीक उपसागराच्या पाण्यावर बदकांसाठी. अट मीच घातली आहे: परत फिरवता येणार नाही असा एकही बदल करायचा नाही. नळी कापायची नाही, चोक उघडायचा नाही, लाकूड तासायचं नाही. पलीकडच्या गल्लीतले कॅप्टन (ऐंशीच्या घरातले, निवृत्त बोटवाले, शिकारीतले माझे गुरू) हे ऐकून एवढंच म्हणाले, "मग खिसा मोकळा ठेव."

१० ऑगस्ट

आज मापं. भोसरीच्या टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला बोअर गेज हातात आला की बरं वाटतं.

पहिलं माप चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाचं. जुन्या बंदुकीत याच्याआधी दुसरं काही करू नये. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडाल्यावर, पुढची घडी उलगडल्यानंतरची असते. न उडालेलं पावणेतीन इंची काडतूस त्याहून बरंच आखूड असतं, त्यामुळे ते आखूड चेंबरमध्येही विनातक्रार बसतं. गडबड बार उडताना होते. घडी उलगडायला जागा नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. म्हणजे ‘बसलं की चालतं’ हा नियम इथे घातक. विंचेस्टरच्याच १८९७ मॉडेलच्या सुरुवातीच्या बारा बोअर बंदुकांचे चेंबर दोन इंच पाच सूत, आणि मॉडेल १२ च्या सुरुवातीच्या सोळा बोअर तर त्याहूनही आखूड, २ ९/१६ इंच. माझी पूर्ण पावणेतीन भरली. बारा बोअरच्या मॉडेल १२ मध्ये तेच अपेक्षित होतं, तरी मोजल्याशिवाय काडतूस घालणार नव्हतो.

दुसरं माप चोकचं. नळीचा आतला व्यास ७३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तोंडाशी ६९४. म्हणजे ३६ थाऊचा आवळ, अस्सल फुल चोक. चोक जिथून सुरू होतो तिथे बाहेरून बोट फिरवलं, उजेडाकडे धरून आतल्या सावल्या पाहिल्या. फुगवटा नाही, कडं नाही. मागच्या मालकाने यातून स्टीलचे छर्रे उडवलेले दिसत नाहीत, किंवा उडवले असतील तर नशीबवान.

रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या पोलादी धडाच्या) खालचा नंबर आणि नळीच्या बाजूच्या जोडावरचा नंबर एकच आहे. ही बंदूक मधोमध दोन तुकड्यांत सुटते, त्यामुळे दुसऱ्याच बंदुकीची नळी लावलेल्या जोड्या बाजारात पुष्कळ फिरतात. जोडात खेळ नाही. आला असता तरी आत झीज भरून काढायला दातेरी बाही दिलेली आहे, ती एक घर पुढे सरकवायची. १९१२ साली हा विचार केलेला आहे.

१८ ऑगस्ट

उघडली. मॅगझिनच्या टोकाची पिन दाबायची, नळकांडं पाव फेरा फिरवून पुढे ओढायचं, मग नळी पाव फेरा फिरवली की बंदूक दोन भागांत. ट्रिगरचा संच एका स्क्रूवर बाहेर येतो. बोल्ट मात्र काढला नाही; तो काढताना लोकांचे तास जातात आणि परत बसवताना संसार मोडतात.

आत जुन्या ग्रीसचा काळपट चिकटा. मिनरल स्पिरिटमध्ये संच बुडवून ठेवला, टूथब्रशने घासला, अगदी पातळ तेल. खालून जे निघालं ते पाहत बसलो. घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून एकेक भाग कोरून काढलेला, पत्रा ठोकून केलेला एकही नाही. मूळ कल्पना जॉन ब्राउनिंगच्या १८९७ मॉडेलची. विंचेस्टरच्या टी. सी. जॉन्सनने तिचा उघडा घोडा आत झाकला आणि १९१२ मध्ये ही बाजारात आली. १९६४ मध्ये नेहमीचं उत्पादन थांबलं तोवर वीस लाखांच्या आसपास निघाल्या. थांबण्याचं कारण हेच कोरीव काम. रेमिंग्टनने १९५० मध्ये ८७० आणली, तीत पत्र्याचे ठोकीव भाग होते, ती निम्म्या कटकटीत तयार व्हायची आणि बारही तितकेच चोख काढायची. मॉडेल १२ च्या प्रेमात असलेली मंडळी ८७० ला नावं ठेवतात. टूलरूममधला माणूस म्हणून मला दोन्हींचा आदर आहे, पण पंप मागे ओढल्यावर जो आवाज हिचा येतो तो तिचा येत नाही.

१ सप्टेंबर

दस्त्याला मागच्या बाजूला केसाएवढी भेग. तेलाने भिजलेल्या लाकडाला गोंद धरत नाही, म्हणून आधी व्हायटिंगच्या (खडूच्या पुडीच्या) लगद्याने तेल शोषून काढलं, मग पातळ इपॉक्सी, वर सुतळीचे वेढे. सुकल्यावर रेघ शोधावी लागते.

मोठी अडचण दस्त्याच्या उताराची. त्या काळचे दस्ते टाचेकडे बरेच खाली उतरतात. गाल टेकवला की डोळा रिसीव्हरच्या मागेच राहतो, आणि मान वर काढून पाहावं तर नेम सुटतो. लाकूड तासायचं किंवा वाकवायचं नाही असं ठरलेलं, म्हणून वरून बांधायची चामड्याची गालपट्टी आणली आणि खाली फेल्टचे थर घालत गेलो. नळीचा थोडासा पृष्ठ आणि त्याच्यावर माशी दिसायला लागली तिथे थांबलो.

१४ सप्टेंबर

क्लबवर ट्रॅप. समोरच्या ठेंगण्या खोलीतून (तिला ‘घर’ म्हणतात) तबकडी पळते, तासाला साधारण ६७ किलोमीटर, तुमच्यापासून दूर. तुम्ही १६ यार्डांवर उभे, तबकडी फुटेपर्यंत ती ३२-३५ यार्डांवर गेलेली असते. या नळीला हेच अंतर हवं आहे. एक औंस, साडेसात नंबरचं शिसं (नंबर मोठा तितका छर्रा बारीक), वेग मध्यम. अंतर बरोबर जुळलं की तबकडी फुटत नाही, तिचा काळा धूर होतो. या खेळावर मॉडेल १२ ने कित्येक दशकं राज्य केलं आणि ते का, हे पहिल्या फेरीतच कळतं.

क्लबचे सेफ्टी अधिकारी बंदूक पाहताच जवळ आले आणि विचारलं, "हिला डिस्कनेक्टर नाही, माहीत आहे ना?" माहीत आहे, पण त्यांनी विचारलं हे चांगलंच. नव्या पंप बंदुकीत चाप दाबून धरून पंप पुढे मारला तर काही होत नाही. चाप सोडून पुन्हा दाबावा लागतो. हिच्यात तो अडसर नाही. चाप दाबलेला असताना पंप पुढे गेला की बोल्ट बंद होताक्षणी बार उडतो. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये १८९७ मॉडेलचा हाच गुण सैनिकांनी वापरला. बदकांच्या होडीत, शेजारी माणूस आणि कुत्रा असताना, तो गुण नको. म्हणून सवय अशी लावतोय: बार झाला की बोट चापावरून उठून गार्डच्या बाहेर, मगच पंप. मंद वाटतं, चालेल.

आणखी एक खोड. काडतूस उडालं नाही तर पंप नुसता मागे ओढून निघत नाही. आधी किंचित पुढे ढकलावा लागतो, मग कुलूप सुटतं. बार उडतो तेव्हा हे काम धक्का स्वतः करतो, म्हणून एरवी लक्षात येत नाही. अर्थात न उडालेल्या काडतुसाला आधी नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग हात लावायचा.

२८ सप्टेंबर

स्कीट. १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरच्या चार्ल्स डेव्हिसने तितरांच्या सरावासाठी हा खेळ काढला. उंच घरातून एक, खालच्या घरातून एक, आणि काही जागांवर दोन्ही एकदम. तबकडी तुमच्यासमोरून आडवी जाते, मधल्या खुंटीपाशी अंतर जेमतेम २१ यार्ड. तिथे फुल चोकचा फवारा परातीएवढा असतो. स्कीटसाठी नळी पाच थाऊ आवळतात, माझी छत्तीस. लागली तर तबकडीचं पीठ, नाही तर काहीच नाही. छर्ऱ्यांत प्लास्टिकची फुली घातलेली, फवारा पसरवणारी काडतुसं मिळतात. त्यांनी जरा सुधारलं, तरी माझा निवाडा हाच: ही स्कीटची बंदूक नाही आणि तिला तसं बनवायला जाऊ नये.

जोडीच्या तबकड्यांवर मात्र पंपची गंमत कळली. पंप ही वेगळी कृती म्हणून मारली की दुसरी तबकडी निसटते. पुढचा हात आधीपासून किंचित मागे खेचत ठेवायचा. धक्क्याने कुलूप सुटलं की हात आपोआप मागे जातो, आणि पुढे येताना नळी दुसऱ्या तबकडीकडे वळत असते.

कॅप्टनांनी आज त्यांची इथाका ३७ आणली होती. ते डावरे. बहुतेक पंप बंदुका रिकामं काडतूस उजवीकडे फेकतात, म्हणजे डावऱ्याच्या नाकासमोरून. इथाका ते खाली टाकते. ही रचनाही ब्राउनिंगचीच, पेडर्सन या दुसऱ्या बंदूक-रचनाकाराने सुधारून रेमिंग्टनने मॉडेल १७ म्हणून काढलेली. इथाकाने पेटंट संपेपर्यंत वाट पाहिली आणि १९३७ मध्ये स्वतःची आणली. त्यांच्या नळीला मॉडिफाइड (मध्यम आवळलेला) चोक, साधारण वीस थाऊ. स्कीटवर त्यांनी मला धुतलं. वय ऐंशी.

५ ऑक्टोबर

या सगळ्या खटाटोपाचा गाभा आज. ४० यार्डांवर कागद, ३० इंचांचं वर्तुळ, छर्रे मोजणं.

बदकांवर शिसं चालत नाही. पाण्याच्या तळाशी पडलेले छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळतात, ते गिझर्डमध्ये (खाणं दळणाऱ्या पोटात) झिजतात आणि पक्षी विषबाधेने मरतो. १९५९ मध्ये पाणपक्ष्यांचे अभ्यासक फ्रँक बेलरोज यांनी अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी असे मरतात असा अंदाज मांडला. तरी देशभर बंदी यायला १९९१ उजाडलं. मेलेली बदकं खाऊन गरुडही मरत होते, त्याने शेवटचा धक्का दिला.

बंदीनंतर सगळे स्टीलवर गेले. स्टील स्वस्त, पण हलकं (घनता ७.८, शिशाची ११ च्या वर) आणि कठीण. शिशाचे छर्रे छत्तीस थाऊच्या गळ्यातून जाताना दबतात, एकमेकांत सामावतात. स्टीलचे दबत नाहीत. चोक सुरू होतो तिथे जुन्या नळीला कडं पडतं, एखाद्या बाराने नाही तर हळूहळू. त्यावर लोकांनी दोन उपाय केले. एक, चोक रीमरने उघडून मॉडिफाइड करणं. दुसरा, नळी कापून आत आटे पाडून सुटे चोक बसवणं. हजारो मॉडेल १२ अशा कापल्या गेल्या. बंदूक चालती राहिली हे खरं, आणि ज्याला रोज वापरायची आहे त्याला मी दोष देणार नाही. पण मला चोकच ठेवायचा आहे, म्हणून बिस्मथ हा धातू. घनता ९.६ च्या आसपास, स्टीलहून बराच मऊ, जुन्या नळीला चालतो. एका काडतुसाची किंमत स्टीलच्या दुप्पट-तिप्पट. कॅप्टनांच्या मोकळ्या खिशाचा अर्थ हा.

बिस्मथ, सव्वा औंस, ४ नंबर. फुल चोकची व्याख्या म्हणजे वर्तुळात सत्तर टक्के. कागदांवर त्याहून थोडे जास्तच पडले आणि मध्ये भोकं नाहीत. ५ नंबर त्याहून दाट, पण थंडीतल्या जाड पिसांच्या बदकाला चारच बरा. मग २० यार्डांवर एक कागद लावला. मधोमध फाटून लोंबायला लागला. या बाराखाली सापडलेल्या बदकाचं जेवण होणार नाही, एवढं कळलं.

९ ऑक्टोबर

मॅगझिनमध्ये लाकडी दांडका घातला. १९३५ पासून स्थलांतरी पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, आणि अडसर एकसंध व बंदूक उघडल्याशिवाय न निघणारा हवा. हार्डवेअरच्या दुकानातली गोल काठी, टोकं घासलेली. डक स्टॅम्पवर (बदकांच्या शिकारीसाठी लागणारं सरकारी तिकीट) सही केली, २५ डॉलर.

१९ ऑक्टोबर

खाडीच्या आत, पाणकणसांत, कॅप्टन आणि त्यांची चेसापीक कुत्री. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो, त्याआधी काडतूस चेंबरमध्ये नाही. वुड डक झाडांमधून वाकडी-तिकडी येतात आणि पंधरा-वीस यार्डांवर अचानक डोक्यावर. मी बहुतेक वेळा बंदूक उचललीच नाही, कागद आठवत होता. इथाकाने दोन पाडली, दोन्ही खाण्यालायक. मी एकच बार काढला, लांब निघालेल्या टीलवर (छोट्या बदकावर), आणि ती स्वच्छ पडली. पुन्हा या खाडीत येईन तेव्हा दुसरी बंदूक आणीन.

२३ नोव्हेंबर

वारा नाही, ऊन, बदकं उडायला तयार नाहीत. हॅवर द ग्रेसच्या डिकॉय म्युझियममध्ये गेलो. डिकॉय म्हणजे खरी बदकं खाली उतरावीत म्हणून पाण्यावर सोडायची खोटी बदकं. आर. मॅडिसन मिचेल यांची लाकडी बदकं पाहिली. माणूस पेशाने अंत्यसंस्कार करणारा, उरलेल्या वेळात कोरायचा. या मुखाशी पूर्वी पाणगवताची कुरणं होती आणि कॅनव्हासबॅक जातीची बदकं त्यावर तुटून पडायची. बाजारासाठी शिकार करणारे पाण्याच्या पातळीत बुडवलेल्या पेटीत आडवे पडून, भोवती शेकडो लाकडी बदकं सोडून, दिवसभर बार काढायचे. माल बाल्टिमोरच्या हॉटेलांना. १९१८ च्या कायद्याने विक्री थांबली, १९३५ मध्ये त्या पेट्याही गेल्या. १९७२ च्या ऍग्नेस वादळाच्या गाळाने गवत गाडलं, आणि ते परतायला काही दशकं लागली.

आपल्याकडे भरतपूरच्या दगडावर कोरलेला आकडा आहे: १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो यांची पार्टी, एका दिवसात ४,२७३ पक्षी. १९७२ पासून तिकडे शिकारच बंद. इकडे माणशी सहा बदकं, त्यातही जातवार मर्यादा. साताऱ्याहून आई फोनवर विचारते, "मारलंच पाहिजे का?" तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पाणथळ जागा डक स्टॅम्पच्या पैशांतून राखल्या जातात हे सांगितलं, ती म्हणाली, "मग नुसते पैसे दे." बरोबरच आहे तिचं.

२१ डिसेंबर

आज बंदुकीला तिची जागा सापडली.

उत्तरेचा बोचरा वारा, मुखाचं उघडं पाणी, आडोसा केलेली नांगरलेली होडी. डुबकी मारणारी बदकं, ब्लूबिल आणि थोडी कॅनव्हासबॅक, पाण्याला लागून थव्याने येतात आणि डिकॉयच्या बाहेरच्या कडेवर वळतात. अंतर ३५, कधी ४० यार्ड. कॅप्टनांच्या इथाकाला आज ती लांब पडत होती. मी ३० इंची नळी वाऱ्याविरुद्ध फिरवली आणि ती फिरतच राहिली, लांब जड नळीचा हा फायदा. पहिल्या बाराला पुढचा नर, बोट बाहेर, पंप, त्याच्या मागचा. दोन्ही जागीच. कुत्री बर्फाळ पाण्यात दोनदा गेली आणि दोन्ही वेळा आमच्या अंगावर अंग झटकलं.

मग मला उमगलं की मागच्या मालकाने ३० इंची फुल का घेतली असेल. तो इथेच बसायचा, याच अंतरावर. वुड डकच्या खाडीत मी ती उगाच नेली होती. चोक उघडला असता तर तिकडे थोडी बरी आणि इकडे निकामी झाली असती.

संध्याकाळी ब्लूबिलची छाती रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायला ठेवली, माशाचा वास जातो थोडा. उद्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुकं. बिस्मथ ठिसूळ असतो, हाडावर आपटला की तुकडे होतात, आणि लोहचुंबकाने सापडत नाही, बोटांनी चाचपायचं.

११ जानेवारी

उणे आठ सेल्सिअस. पंप जड चालायला लागला. तेल जास्त झालं होतं का हे पाहायला होडीतच ट्रिगर गार्डखाली बोट फिरवलं, कोरडं होतं. बोल्टच्या मागे, मी न उघडलेल्या भागात, जुनं ग्रीस आवळलंय. कॅप्टनांनी थर्मासमधला चहा प्यायला दिला, बंदुकीला नाही. घरी येऊन मॅगझिन काढून स्पिरिट आत सोडलं, उलटी टांगून निथळू दिलं. आता मोकळी.

२ फेब्रुवारी

हंगाम संपला. नळी पुन्हा मोजली: ७३० आणि ६९४, फरक नाही. बाहेरून निळाईवर दोन गंजाचे ठिपके, तेल आणि कांशाच्या लोकरीने गेले. भेग टिकली. मॅगझिनची स्प्रिंग बसकी झाली आहे, नवी मागवली. बोल्ट या महिन्यात गनस्मिथकडून उघडून घ्यायचा.

एप्रिलपासून ट्रॅप, हिच्यानेच. स्कीटसाठी आणि ऑक्टोबरच्या खाडीसाठी मॉडिफाइड चोकची इथाका शोधतोय. सिरियल ८,५५,००० च्या पुढची मिळाली तर बरं, त्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींना बसतात. त्याआधीच्यांना नळी घासून जुळवावी लागते. कॅप्टनांनी त्यांच्या काकांची १८९७ माळ्यावर असल्याचं आज सांगितलं. चेंबर मोजायला गेज घेऊन ये म्हणाले.